संध्याकाळच्या वर्गांची तीन खोकी

त्या तीन खोक्यांवर लाल स्टिकर मीच लावले. कुणी बळजबरी केली नव्हती. यादीत होतं तसं मी केलं, आणि यादीही मीच बनवली होती.

टौरंगा या बंदराच्या शहरापासून गाडीने तासाभरावर, किवीफ्रूटच्या मळ्यांमधल्या एका छोट्या गावात पॉलिटेक्निकचा एक कॅम्पस होता. सुतारकाम, वेल्डिंग, बागायती, आजारी माणसांची देखभाल, मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणं, असं सगळं तिथे चालायचं. काही वर्षांपूर्वी देशभरातली पॉलिटेक्निक एकत्र करून एकच मोठी संस्था केली होती. आता ती पुन्हा वेगवेगळी करायचं चाललं होतं. या ओढाताणीत मला दहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. काम साधं होतं. जुन्या सिस्टिममधली विद्यार्थ्यांची माहिती नव्या सिस्टिममध्ये न्यायची.

पुण्यातून आल्यापासूनची ही माझी पाचवी नोकरी. नवरा बंदरावर इंजिनिअर, त्याचं बस्तान बसलेलं. माझं मात्र दर वेळी कॉन्ट्रॅक्ट, दर वेळी नवा लॅपटॉप, नवा पासवर्ड, आणि संपत आलं की पुन्हा नवे अर्ज. म्हणून मी कामात चटपटीत होते. जे सांगतील ते दोन दिवस आधी हातावेगळं करायचं, म्हणजे पुढच्या वेळी आपलं नाव लक्षात राहतं, असा माझा हिशेब.

तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरबाई म्हणाल्या, वर्कशॉपमागची कोठीपण रिकामी करायची आहे, निम्म्या इमारती वर्षअखेर बंद होणार आहेत. तू सिस्टिमवाली आहेस, तूच ठरव काय ठेवायचं. मी नियम बसवला. निकाल आणि सर्टिफिकेटं असतील तर हिरवा स्टिकर, बाकी सगळ्याला लाल. दोन दिवसांत कोठी संपवली. तीन खोक्यांवर मार्करने ‘संध्याकाळचे वर्ग, इतर’ असं लिहिलेलं होतं. एकाचं झाकण उघडून पाहिलं. वर हजेरीची रजिस्टरं, खाली पाकिटांतून फोटो. निकाल नव्हते. लाल. शुक्रवारी स्किप आला, म्हणजे लॉरीवरून आणून ठेवतात तो मोठा लोखंडी कचऱ्याचा डबा, आणि सोमवारी तो उचलून नेला. मॅनेजरबाईंनी मला ‘स्वीट ॲज’ म्हणून शाबासकी दिली. मी खूश झाले.

त्यानंतर महिन्याभराने वरून सूर बदलला. गावात कुरबुर सुरू झाली होती. ज्या गावातल्या दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी तिथे शिकलं, ती जागा गुपचूप कुलूपबंद कशी करता, असं लोक विचारत होते. मग ठरलं की बंद होण्याआधी एक मोठा कार्यक्रम करायचा, कॅम्पसचा सगळा इतिहास मांडायचा, फोटोंची भिंत करायची आणि जे जमेल ते स्कॅन करून कायमचं जपायचं. मॅनेजरबाईंनी हे काम दोघांवर टाकलं. एक म्हणजे सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले मास्तर, बारा महिने हाफपँटीत फिरणारा उंच, वाळका म्हातारा. दुसरी मी.

“तू सगळी खोकी पाहिली आहेसच,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

त्याच सुमाराला बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई गेल्यानंतरची त्यांची पहिली फेरी. ते संगमनेरच्या बाजूला आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. पस्तीस वर्षं पोरांच्या हातात कानस देऊन लोखंड सरळ घासायला शिकवलेला माणूस. आमच्या सबर्बमध्ये त्यांचा जीव रमेना. सकाळी आम्ही तिघं आपापल्या गाड्या-बस पकडून गेलो की रस्त्यावर चिटपाखरू नाही. ते कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत जायचे, नको असलेलं दूध घेऊन यायचे. फ्रिजमध्ये दुधाचे तीन-तीन कॅन साठले. माझी चौदा वर्षांची मुलगी त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोलायची, ते तिला मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं छान चालायचं, पण ती घरी यायची चार वाजता. एकदा मी आले तर त्यांनी गराजच्या दाराच्या बिजागऱ्या काढून, साफ करून, पुन्हा बसवल्या होत्या. दाराला काहीही झालेलं नव्हतं.

“उद्या माझ्याबरोबर चला,” मी म्हटलं.

वर्कशॉपमध्ये पाऊल टाकल्यावर बाबा थांबले. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास होता. एका भिंतीशी जुनं लेथ मशीन होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्या लोखंडी बेडवरची धूळ पुसली आणि बोट फिरवून बघितलं. मास्तर लांबून बघत होते. ते जवळ आले, “किआ ओरा,” असा माओरीत नमस्कार केला आणि लेथकडे बोट करून काहीतरी विचारलं. बाबांचं इंग्लिश बेताचं, मास्तरांचं बोलणं दातांतल्या दातांत. तरी अर्ध्या तासात दोघांनी मिळून त्याचा मागचा भाग, टेलस्टॉक, उघडून टेबलावर मांडला होता. मी ऑफिसात जाऊन बसले, पण कान तिकडेच.

मग बाबा दर मंगळवार-गुरुवार माझ्याबरोबर यायला लागले. मास्तर हिरव्या स्टिकरच्या खोक्यांतले फोटो काढून लांब टेबलावर मांडायचे, कोण कोण आहे ते सांगायचे, मी लॅपटॉपवर लिहायचे, बाबा फोटोतली हत्यारं ओळखायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाबा फोटो चाळता चाळता थांबले.

“अगं, हे सगळे दिवसाचे वर्ग आहेत,” ते मराठीत म्हणाले. “उजेड बघ ना, खिडकीतून येतोय. संध्याकाळचे वर्ग कुठायत? ट्रेड शिकवायच्या जागेत खरी माणसं संध्याकाळी येतात. कामावरून सुटून.”

मी लॅपटॉपवर टाइप करत राहिले. मास्तरांनी विचारलं, काय म्हणतायत? मला भाषांतर करावं लागलं.

“बरोबर आहे त्यांचं,” मास्तर म्हणाले. “तीन खोकी होती. मीच भरलेली. गेली कुठे?”

“टौरंगाच्या ऑफिसात असतील,” मी म्हटलं. “विचारते.”

इतक्या सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. दुपारी गाडीत बसून, काचा वर करून, कचरा उचलणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, तो डबा तर केव्हाच रिकामा झाला, सगळं मातीखाली गेलं. मी तिला विचारलं, नक्की कुठल्या जागी? जणू मी फावडं घेऊन जाणार होते.

पुढचे दोन आठवडे मी नुसती सैरभैर होते. घरी भाजी चिरताना बोट कापून घेतलं. मुलीच्या स्विमिंगला तिचे टॉग्ज, पोहायचे कपडेच, न्यायला विसरले. मास्तर दर खेपेला विचारायचे, “काही कळलं?” आणि मी म्हणायचे, “अजून नाही.” रोज वाटायचं आज सांगावं. आणि रोज मनात यायचं की कॉन्ट्रॅक्ट वाढवायची बोलणी पुढच्या महिन्यात आहेत.

एका गुरुवारी परतताना, मळ्यांच्या उंच हिरव्या कुंपणांमधून गाडी चालली होती, बाबा समोर बघत म्हणाले, “खोकी तूच टाकलीस ना?”

मी ब्लिंकर लावून गाडी बाजूला घेतली. मागून बंदराकडे जाणारा ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“लहानपणी काही फोडलंस की तू घर आवरायला घ्यायचीस. दोन आठवडे झाले, स्वयंपाकघर चकाचक आहे.”

मी सगळं सांगितलं. नियम, स्टिकर, शाबासकी. वाटलं होतं ते समजूत घालतील, म्हणतील की तुला काय माहीत होतं. त्यांनी समजूत घातली नाही.

“उघडून बघितलं होतंस?”

“एक.”

“फोटो दिसले होते?”

“हो.”

“मग?”

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. घर आल्यावर उतरताना एवढंच म्हणाले, “त्या माणसाला माझ्यासमोर खोटं सांगत जाऊ नकोस. मला ते तिथे बसून ऐकवत नाही.”

मंगळवारी सकाळी मास्तर चहा करत होते. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. दारातच उभी राहून म्हटलं, “ती खोकी टौरंगात नाहीत. मी टाकून दिली. स्किपमध्ये. तुम्हाला खोटं सांगितलं.”

त्यांनी केटलचं बटण बंद केलं. “हं,” म्हणाले, आणि बाहेर गेले. खिडकीतून ते त्यांच्या यूटमध्ये, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, जाऊन बसलेले दिसले. दार उघडं, पाय बाहेर लोंबत. बाबा आणि मी आतच थांबलो. दहा-पंधरा मिनिटांनी ते परत आले. डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचा.

“कागद गेले,” ते म्हणाले. “माणसं आहेत अजून, थोडी. आधी कुणाला फोन करायचा?”

मी मॅनेजरबाईंनाही त्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे तर तू बरोबरच केलंस, आणि विषय बदलला. का कोण जाणे, ते मला जास्त लागलं.

मास्तरांनी आठवून आठवून चार पानं नावं लिहिली. काहींपुढे फक्त ‘उंच, हसरी, फळांच्या पॅकहाउसमध्ये कामाला’ एवढंच. आम्ही माणसं बोलावून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला लागलो. पहिल्या दोघांना ऑफिसात बसवलं, समोर माइक. ते अवघडून गेले. होय, नाही, छान होतं, एवढंच. मग बाबा म्हणाले, यांना वर्कशॉपमध्ये ने, हातात काहीतरी दे. पुढचा माणूस सत्तरीचा, मांस पॅक करायच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. त्याला बाबांनी लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाइसजवळ उभं केलं आणि हातात कानस दिली. तो घासायला लागला आणि बोलायलाही लागला. म्हणाला, घरी सांगायचो वेल्डिंग शिकायला जातो. खरं म्हणजे शेजारच्या खोलीत वाचायला शिकत होतो. बायकोला कळू नये म्हणून मास्तर मला जाताना हातमोजे काळे करून द्यायचे.

मास्तर मागे उभे होते. “मला हे आठवतच नव्हतं,” ते हळूच म्हणाले.

हे खरं पाहता त्या खोक्यांत नसतंच. पण म्हणून मला बरं वाटावं असंही नव्हतं. त्यात जे होतं ते होतंच.

कार्यक्रम एका शनिवारी झाला. गाव लोटलं. सुरुवातीला माओरी वडीलधाऱ्यांनी प्रार्थना म्हटली, गाणी झाली, मग सगळे फोटोंच्या भिंतीकडे वळले. एका कोपऱ्यात आम्ही हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायची सोय केली होती. लोक फोटोतल्या माणसांना हात लावत होते, खिदळत होते. माझी मुलगी टेबलावर चहा-केक देत होती. बाबा त्यांच्या ठेवणीतल्या सफारीत, लेथ चालवून दाखवत होते, भोवती गर्दी.

पन्नाशीची एक माओरी बाई भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली, परत आली, पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली. मी जवळ जाऊन विचारलं, काही शोधताय का?

“माझी आई,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या वर्गाला यायची. त्यांचा फोटो काढला होता, सगळ्या बायकांचा, पायऱ्यांवर. घरचा आमचा आगीत गेला. इथे एक नक्की होता.”

मला मास्तर दिसत होते, थोड्या अंतरावर. त्यांना हाक मारता आली असती. मी मारली नाही.

“तो होता,” मी म्हटलं. “मी कोठी साफ केली तेव्हा टाकून दिला. मी नीट बघितलंही नाही. चूक माझी आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आजूबाजूला हसणं चालू होतं.

“माझ्या आईला तू कचऱ्यात टाकलंस,” ती म्हणाली. ओरडून नाही. मी ऐकलंय ना नीट, एवढं तपासून बघावं तशी.

“हो.”

ती वळली आणि निघून गेली. मी टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर हार घालून लावतात. मी आईचा लावलाय, रोज सकाळी निघताना बघते. तरी त्या पाकिटातल्या फोटोंकडे बघताना मला त्यांत कुणाची आई दिसली नव्हती.

आठ-दहा दिवसांनी मास्तरांना त्या बाईचा ईमेल आला. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तिची मावशी त्याच वर्गात होती, समुद्राकडच्या एका वस्तीत राहते, खूप थकली आहे, यायचं असेल तर लवकर या, एवढंच.

आम्ही तिघं गेलो. मास्तरांनी मला विचारलं होतं, तू येणार आहेस ना? नाही म्हणायची फार इच्छा होती. दारात जोडे-चपला काढून आत गेलो. मावशी खिडकीशी खुर्चीत, पायांवर विणलेलं पांघरूण. ती बाई स्वयंपाकघरात होती. आमच्याकडे पाठ करून भांडी धुवत होती, ती धुवतच राहिली.

मावशीला बोलतं करावं लागलं नाही. म्हणाली, आम्ही दोघी बहिणी पॅकहाउसमधून सुटलो की धावत यायचो, पायांत गमबूट. बहिणीला मुलांच्या शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या वाचायच्या होत्या. वाचायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी लहान पोरांची चित्रांची पुस्तकं दिली, तर हिने ती परत केली. म्हणाली, मला बदकं नकोत, मला चिठ्ठी वाचायला शिकव. त्या म्हणाल्या, खरी चिठ्ठी आण. मग सगळ्या बायकांनी आपापल्या घरची कागदपत्रं आणायला सुरुवात केली, औषधाच्या बाटल्या, शाळेच्या नोटिसा. पुढे तो वर्ग तसाच चालायला लागला.

“आणि पहिली चिठ्ठी?” मास्तरांनी विचारलं.

मावशी खदखदून हसली. “तिच्याच पोरीची तक्रार होती! वर्गात बडबड करते म्हणून. तोवर ती पोरगी आईला चिठ्ठ्या वाचून दाखवायची, दर वेळी सांगायची, बाईंनी माझं कौतुक केलंय.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मग ती बाई हसल्याचा आवाज आला, आणि हसता हसता तिचा हुंदका. मावशीने माओरीत काहीतरी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघून माइककडे बोट केलं. चालू राहू दे.

निघताना त्या बाईने मास्तरांच्या हातात फेइजोआ फळांची पिशवी दिली. बाबांना म्हणाली, सालीसकट खाऊ नका. मला काही म्हणाली नाही. मी बूट घालायला वाकले होते, तेव्हा तिने माझ्या मागे दार धरून ठेवलं, मी बाहेर पडेपर्यंत. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. त्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता, पैसेच नव्हते. रेकॉर्डिंग आणि फोटो गावच्या लायब्ररीने घेतले, त्यांना एक कोपरा आणि एक कॉम्प्युटर दिला. निम्म्या इमारती बंद झाल्या. लेथ एका शेतकऱ्याने नेलं. बाबा विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी त्याला ते कसं समपातळीत बसवायचं हे दाखवून आले.

मी आता वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात आहे, पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर, आठवड्याला विमानाने येऊन-जाऊन. काम तेच, जुन्यातून नव्यात माहिती न्यायची. फरक एवढाच की आता माझं काम हळू होतं. परवा टीम लीडरने विचारलं, एवढा वेळ का लागतोय? मी म्हटलं, उघडून बघतेय. त्याला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

गेल्या महिन्यात मास्तरांचा फोन आला. यादीतला एक माणूस त्यांना सापडला होता, ख्राइस्टचर्चला. तिथल्या भूकंपानंतर घरं बांधायला गेला तो तिथेच राहिला. मास्तरांचे गुडघे आता प्रवास करू देत नाहीत. तू जाशील का?

नवरा म्हणाला, “अगं, ते काम संपलं ना तुझं?”

“संपलं,” मी म्हटलं आणि शनिवारचं तिकीट काढलं.

त्या माणसाला संध्याकाळच्या वर्गाबद्दल जवळपास काहीच आठवत नव्हतं. मास्तरीणबाईंचं नावही नाही. तो दोन तास त्याच्या कुत्र्याबद्दल, भूकंपात पडलेल्या धुराड्यांबद्दल आणि त्याने पुन्हा उभ्या केलेल्या एका शाळेच्या छपराबद्दल बोलत राहिला. मी मधूनमधून विचारून बघितलं, मग नाद सोडला. पण रेकॉर्डर बंद केला नाही. परत येताना टॅक्सीत बसल्या बसल्या त्या रेकॉर्डिंगला नाव देऊन ते लायब्ररीला पाठवून दिलं, आणि मास्तरांना कळवलं की यादीतल्या पुढच्या माणसाचा पत्ता द्या.